गुडघ्यावरचा ठोका

मराठी भाषेची एक लकब मोठी मजेदार आहे. ‘मी हात उचलला’, ‘मी दार उघडले’, ‘मी पाऊल टाकले’ असे आपण म्हणतो. पण ‘मी उचकी केली’ असे कोणी म्हणत नाही. उचकी ‘लागते’, जांभई ‘येते’, पापणी ‘लवते’, अंगावर काटा ‘उभा राहतो’. पहिल्या प्रकारच्या वाक्यांत करणारा ‘मी’ असतो. दुसऱ्या प्रकारात ‘मी’चा ‘मला’ होतो आणि कर्तेपण उचकीकडे किंवा जांभईकडे जाते. आपल्या आज्या-पणज्यांना शरीरशास्त्र शिकवायला कोणी गेले नव्हते. तरीसुद्धा काही हालचाली आपण करतो आणि काही आपल्याकडून होऊन जातात, हा भेद भाषेने केव्हाच टिपून ठेवला आहे. या दुसऱ्या प्रकारातील पुष्कळशा हालचालींना शास्त्रात ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणतात.

कला शाखेच्या वार्षिकांकात स्नायू नि मज्जातंतू कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी अशा भागांत, धडधाकट माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले. रोगाचे नाव गीयाँ-बारे सिंड्रोम. वर्तमानपत्रांनी त्याचे ‘जीबीएस’ केले. काही आठवड्यांतच रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. या साथीतील पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो पुण्यात नव्हे, आपल्या सोलापुरात. पुण्याहून इकडे आलेल्या एका रुग्णाचा. त्या दिवसांत आमच्या जुळे सोलापुरात कट्ट्यावर, रिक्षात, किराणा दुकानात याच तीन अक्षरांची चर्चा होती. चर्चेत भीती पुष्कळ आणि माहिती थोडी. पाय लुळे पडलेल्या माणसाच्या गुडघ्यावर डॉक्टर रबरी हातोडीने ठोका का मारतात, हा साधा प्रश्न मी चारचौघांना विचारून पाहिला. ‘हाड तपासतात’ हेच उत्तर बहुतेकांकडून आले. हाडाचा त्यात काही संबंध नाही. तो ठोका म्हणजे मज्जातंतूंना विचारलेला एक प्रश्न असतो, आणि पाय त्याचे जे उत्तर देतो त्यावरून दोष कोठे आहे याचा माग लागतो. हा प्रश्न कसा विचारला जातो आणि उत्तर कसे वाचावयाचे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम आपण जाणूनबुजून करतो ती हालचाल घेऊ. समजा, टेबलावरची वही उचलावयाची आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर, साधारणपणे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून पट्टी बांधावी अशा जागी, हालचालींची आज्ञा देणाऱ्या पेशींचा पट्टा आहे. तेथील पेशींचे लांबलचक तंतू खाली उतरतात. मेंदूच्या तळाशी त्यांपैकी बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून उजव्या हाताची आज्ञा डाव्या मेंदूतून निघते. पुढे हे तंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरतात आणि तेथे दुसऱ्या पेशीच्या हाती निरोप देतात. या दुसऱ्या पेशीचा तंतू मज्जारज्जूतून बाहेर पडून थेट स्नायूपर्यंत जातो. पावलाकडे जाणारा असा एकेक तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. सरकारी भाषेत सांगावयाचे तर वरची पेशी मंत्रालयातली आणि खालची तालुक्याच्या कचेरीतली. हा ‘वरची’ आणि ‘खालची’ असा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

स्नायूला स्वतःची अक्कल नसते. त्याला एकच काम येते, ते म्हणजे आकसणे. तो ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या जोड्या असतात. दंडाचा पुढचा स्नायू आकसला की कोपर वाकते, मागचा आकसला की सरळ होते. कोणी केव्हा, किती जोराने ओढावे हे सारे मज्जातंतू ठरवितात. तंतू तुटला तर स्नायू कितीही पिळदार असो, तो नुसता मांसाचा गोळा होऊन पडतो आणि काही आठवड्यांत झिजू लागतो.

या तंतूंतून निरोप जातो तो विजेच्या स्पंदनांच्या रूपाने. इटलीतील गॅल्व्हानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मेलेल्या बेडकाच्या पायाच्या तंतूला विजेचा स्पर्श करून पाय उडविला, तेव्हापासून या शोधाला सुरुवात झाली. तथापि तंतूतील वीज घरातल्या तारेतील विजेसारखी वाहत नाही. तंतूच्या आतले आणि बाहेरचे क्षारांचे कण जागा बदलतात आणि तो बदल एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर सरकत जातो. हा वेग मोजताच येणार नाही असे जर्मन शास्त्रज्ञ म्यूलर यांना वाटत असे. त्यांचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या तंतूवर तो मोजून दाखविला. सेकंदाला तीसएक मीटर भरला. माणसाच्या पायातील जाड तंतूंत तो सेकंदाला सुमारे ५० मीटर असतो, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. हा वेग येतो तो तंतूवरच्या चरबीयुक्त वेष्टणामुळे. या वेष्टणाला ‘मायेलिन’ म्हणतात. ते तंतूवर सलग नसते. मध्ये मध्ये बारीक फटी असतात आणि स्पंद एका फटीवरून दुसऱ्या फटीवर जणू उड्या मारीत जातो.

वेष्टण नसलेले तंतूही शरीरात आहेत. ते बारीक असून त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. याची प्रचीती प्रत्येकाने घेतलेली आहे. दगडाला ठेच लागते तेव्हा आधी एक तीक्ष्ण झटका बसतो, आणि ‘आता दुखणार’ असे मनात येते न येते तोच ती ठसठसणारी खरी कळ मागाहून येऊन पोहोचते. दोन्ही निरोप एकाच क्षणी अंगठ्यातून निघालेले असतात. एक जलद गाडीने येतो, दुसरा बैलगाडीने.

आता प्रतिक्षिप्त क्रियेकडे वळू. अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा रुतला की पाय झटकन वर उचलला जातो. काट्याची वर्दी घेऊन संवेदी तंतू मज्जारज्जूत शिरतो. तेथे मधल्या पेशींच्या द्वारे निरोप लगेच ‘खालच्या’ प्रेरक पेशींना मिळतो आणि पाय वर येतो. मेंदूला बातमी मागाहून कळते. मंत्रालयाची मंजुरी येईपर्यंत तालुक्याची कचेरी थांबली असती तर काटा आणखी खोल गेला असता. गंमत अशी की एक पाय उचलताना त्याच क्षणी दुसऱ्या पायाचे स्नायू ताठ होऊन शरीराचा सारा भार पेलतात. नाहीतर काट्यातून सुटलेला माणूस धुळीत पडला असता. हा सारा बंदोबस्त मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूत होतो.

गुडघ्याचा ठोका याहूनही साधा आहे. पलंगाच्या कडेला पाय मोकळे सोडून बसावे आणि गुडघ्याच्या वाटीखाली जो दोरीसारखा बंध लागतो त्यावर हलकेच ठोका मारावा. पायाची नळी पुढे उडते. हे लक्षण एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मन वैद्यांनी १८७५ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वर्णन केले. होते असे की, ठोक्याने तो बंध किंचित दबतो आणि त्याच्याशी जोडलेला मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारी बारीक बारीक उपकरणे असतात. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा त्यांचा आकार पाहून शास्त्रज्ञांनी त्यांना चातीचे नाव दिले. गिरण्यांच्या या गावात चाती म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. स्नायूतली ही चाती ताणली गेली की तिच्याकडून निघालेला तंतू मज्जारज्जूत जाऊन थेट त्याच स्नायूच्या प्रेरक पेशीला निरोप देतो. मध्ये दुसरा कोणी नाही. ठोका पडल्यापासून स्नायू आकसू लागेपर्यंत सेकंदाचा फार तर चाळिसावा-पन्नासावा भाग लागतो.

निसर्गाने ही व्यवस्था डॉक्टरांच्या हातोडीसाठी केलेली नाही. सिटी बसमध्ये आपण दांडा धरून उभे असतो. खड्डा आला की गुडघे वाकू लागतात, मांडीचा स्नायू ताणला जातो, चाती वर्दी देते आणि गुडघे पुन्हा सरळ होतात. आपल्या गप्पांत खंडसुद्धा पडत नाही. उभे राहणे ही आपल्याला विश्रांती वाटते. वस्तुतः त्यामागे अशा शेकडो बारीक दुरुस्त्या अखंड चाललेल्या असतात.

एक प्रयोग वर्गमित्रांवर करून पाहण्यासारखा आहे. काहींचा पाय ठोक्याने फारसा उडत नाही. अशा वेळी त्याला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढावयास सांगावे आणि तेवढ्यात ठोका मारावा. पाय पहिल्यापेक्षा चांगलाच उडतो. हंगेरीतील येंड्रासिक नावाच्या डॉक्टरांनी ही युक्ती काढली. यावरून दिसते की मज्जारज्जू स्वतंत्रपणे काम करीत असला तरी वरच्या घडामोडींचा परिणाम त्याच्यावर सतत होत असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सवयीने हात चालतो त्यालाही लोक प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. आपल्या गावातील विडी कामगार स्त्रिया पान कातरतात, त्यात तंबाखू भरतात, वळतात, दोरा गुंडाळतात. नजर पोराकडे आणि तोंड शेजारणीकडे. हाताकडे पाहावेही लागत नाही. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कामगाराच्या बोटांचेही तसेच. पण ही प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे. गुडघ्याचा झटका तान्ह्या मुलालाही शिकवावा लागत नाही. विडी वळणे मात्र महिनोन्‌महिने चुका करीत शिकावे लागते. हे शिक्षण मेंदूत साठते, विशेषतः डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या छोट्या मेंदूत आणि मोठ्या मेंदूच्या गाभ्यातील केंद्रांत. एक वारसा आहे, दुसरी कमाई आहे.

आता आणखी एक कळीची गोष्ट. मांडीचा पुढचा स्नायू आकसतो तेव्हा मागचा स्नायू सैल पडला पाहिजे. नाहीतर दोघांच्या रस्सीखेचीत पाय जागचा हलणार नाही. म्हणून मज्जारज्जू एकाला ‘ओढ’ म्हणून सांगतो त्याच वेळी त्याच्या जोडीदाराला ‘सोड’ म्हणून सांगतो. इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी याचा सूक्ष्म अभ्यास केला. दोन मज्जापेशी भेटतात त्या जागेला आज जे ‘सायनॅप्स’ हे नाव आहे तेही त्यांनीच १८९७ मध्ये रूढ केले. १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना एड्रियन यांच्यासमवेत मिळाले. आज्ञा देण्याइतकीच आज्ञा रोखणे ही मज्जासंस्थेची कामगिरी आहे, हे त्यांच्या संशोधनाने स्पष्ट केले.

हा लगाम सुटला तर काय होते ते धनुर्वातात दिसते. मातीत, शेणात राहणारे जंतू जखमेत शिरतात. त्यांचे विष प्रेरक तंतूंतून उलटे चढत मज्जारज्जूत पोहोचते आणि ‘सोड’ सांगणाऱ्या पेशींची तोंडे बंद करते. मग सारेच स्नायू एकदम ओढू लागतात. प्रथम दातखिळी बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंहून बळकट असल्याने शरीर मागे धनुष्यासारखे वाकते; रोगाचे नाव यावरूनच पडले. साधा आवाज, दिव्याचा उजेड, एवढ्यानेही झटके येतात. पूर्वी अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे कितीतरी तान्ही मुले या रोगाने जात. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. जंतू मात्र मातीत आहेतच. म्हणून जखमेनंतरची सुई टाळू नये. गंजका खिळाच हवा असे नाही, शेतातले खुरपेही पुरते.

लगाम वरूनही असतो. मेंदूकडून उतरणारे तंतू खालच्या पेशींना आज्ञा देतात, तसेच त्यांना आवरूनही धरतात. अर्धांगवायूत मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि हे वरचे तंतू निकामी होतात. हातपाय हलत नाहीत; पण काही दिवस गेल्यावर गुडघ्यावर ठोका मारला तर पाय नेहमीपेक्षा अधिक जोराने उडतो. मालक परगावी गेल्यावर घरातली पोरे जशी मोकाट सुटतात, तसे खालच्या पेशींचे होते. हातपाय हळूहळू ताठर बनतात. अशा रुग्णाच्या तळपायावर टाचेकडून बोटांकडे रेघ ओढली तर अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठतो. हे लक्षण फ्रान्समधील बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितले. तान्ह्या मुलाचा अंगठाही असाच वर उठतो, कारण त्याच्या वरच्या तंतूंवर मायेलिनचे वेष्टण अजून पुरते चढलेले नसते.

एवढे समजले की हातोडीची भाषा वाचता येते. हात किंवा पाय चालत नाही आणि ठोक्याने जास्तच उडतो, तर दोष बहुधा वर आहे, मेंदूत किंवा मज्जारज्जूच्या उतरत्या वाटेत. हात किंवा पाय चालत नाही आणि ठोक्यालाही काही उत्तर देत नाही, तर दोष बहुधा खालच्या वाटेत आहे. काही निरोगी माणसांचेही झटके मंद असतात. म्हणून डॉक्टर दोन्ही बाजू ताडून पाहतात आणि एका ठोक्यावर निदान करीत नाहीत. तरी काही सेकंदांत, वीज वा यंत्र न वापरता, एवढी बातमी देणारी दुसरी तपासणी क्वचितच असेल.

आता पुन्हा जीबीएसकडे येऊ. १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, गीयाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी पाय लुळे पडलेल्या दोन सैनिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत स्नायूंचे झटके नाहीसे झाल्याची बारकाईने केलेली नोंद होती. पुढे रोगाला दोघांचीच नावे चिकटली आणि बिचारा स्ट्रोल मागे राहिला. या रोगात शरीराचे संरक्षक दलच उलटते. पुष्कळ रुग्णांना आधी जुलाब किंवा घशाचा संसर्ग झालेला असतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा आतड्याचा जंतू याबाबत कुप्रसिद्ध आहे, आणि पुण्याच्या साथीत काही रुग्णांच्या तपासणीत तोच आढळला. या जंतूच्या अंगावरील काही शर्करायुक्त द्रव्ये आपल्या मज्जातंतूवरील द्रव्यांसारखी दिसतात. जंतूंना मारण्यासाठी तयार झालेली प्रतिद्रव्ये तोंडवळ्याच्या या साम्याने फसतात आणि तंतूवर, त्याच्या वेष्टणावर हल्ला चढवितात. वेष्टण फाटले की उड्या मारीत जाणारा निरोप अडखळतो, मग थांबतो. संवेदी आणि प्रेरक अशा दोन्ही वाटा बिघडल्यामुळे ठोक्याला उत्तर मिळत नाही.

आधी पायांत मुंग्या येतात, जिना चढवत नाही, बसल्यावर उठवत नाही. दुबळेपणा पायांकडून वर हातांकडे चढतो. धोका असतो तो छातीच्या स्नायूंचा नि श्वासपटलाचा. चार-पाच रुग्णांत एखाद्याला श्वासासाठी यंत्राचा आधार लागतो. रोग चार आठवड्यांच्या आत आपल्या शिखराला पोहोचतो आणि नंतर बहुतेकांचे तंतू हळूहळू सावरतात. सुरुवातीलाच रक्तातील प्रतिद्रव्ये गाळून काढणे किंवा इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे, असे दोन उपचार सिद्ध झालेले आहेत. रोग्याच्या शेजारी बसल्याने हा रोग होत नाही. दूषित पाणी आणि कच्चे राहिलेले मांस यांतून जंतू मात्र पसरतात. वर्षानुवर्षे चार-चार दिवसांनी येणारे नळाचे पाणी पिंपांत नि टाक्यांत साठवून वापरीत आलेल्या सोलापूरकरांना यातला बोध वेगळा सांगावयास नको. पिण्याचे पाणी उकळावे, पिंप घासावे, टाकी झाकावी.

खालच्या वाटेवर आणखी दोन ठिकाणी घात होतो. पहिले ठिकाण खुद्द खालची प्रेरक पेशी. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील नेमक्या याच पेशी मारतो. मुलाला चिमटा काढला तर कळते, पण पाय हलत नाही, कारण येणारी वाट शाबूत आणि जाणारी वाट नष्ट झालेली असते. पेशी मेली की परत येत नाही. म्हणून तो पाय जन्मभर बारीक राहतो. आपल्या वडिलांच्या पिढीत प्रत्येक गल्लीत असे एखादे मूल असे. १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम चालली. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. तरीही पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद करून तपासणी होते. मोहिमेचे यश याच दक्षतेवर टिकून आहे.

दुसरे ठिकाण तंतू आणि स्नायू यांच्या मधली फट. ही फट मिलिमीटरचा सुमारे विसावा हजारावा भाग इतकी अरुंद असते, आणि तेथे वीज थांबते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते, फट ओलांडते, स्नायूला जागे करते आणि काम होताच एक विकर त्याचे तुकडे करून टाकते. मण्यार सापाचे विष येथेच घाला घालते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; दंश दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटतात, बोलणे बोबडे होते आणि शेवटी श्वास थांबू लागतो. मेंदू शुद्धीवर असतो, तंतू निरोप आणतात. पण निरोप पलीकडे जात नाही. तंतूची टोके एकदा निकामी झाली की प्रतिविषाने ती लगेच सुधारत नाहीत. म्हणून मांत्रिकाकडे घालविलेला एकेक तास महाग पडतो. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर टोके पुन्हा उगवेपर्यंत रुग्ण तग धरू शकतो.

याच फटीत उलटाही अनर्थ होतो. काही कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणारे विकर बंद पाडतात. निरोप संपतच नाही. स्नायू आधी थरथरतात, फडफडतात आणि अखेर थकून लुळे पडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेथे वापरलेल्या औषधांत या जातीचीही होती. फवारताना तोंडाला रुमाल बांधला की झाले असे समजणाऱ्यांनी एवढे जाणावे की हे विष कातडीतूनही आत जाते.

शेवटचे ठिकाण सर्वांत वरचे. कधी कधी वाट सारी धड असते, स्नायू धड असतात. पण मेंदूतल्या पेशी एकाच वेळी बेबंद स्पंद सोडू लागतात आणि सारे शरीर झटके देऊ लागते. ही फेफऱ्याची आकडी. हिचे एक नाव सोलापूरकरांच्या फार जवळचे आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. तेथे त्यांनी युद्धातल्या हजारो जखमींची सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. इतरांचे हातपाय वाचविणाऱ्या या माणसावर त्याच्याच मेंदूने घाला घातला. आकडी आलेल्या माणसाला आजही आपल्याकडे कांदा नाहीतर चप्पल हुंगवितात आणि दातांत चमचा घालतात. यातले काहीही करू नये. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, भोवतीच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर लगेच रुग्णालय गाठावे.

‘हात लुळा पडला’ हे एकच वाक्य आपण सर्व दुखण्यांना वापरतो. वरचे विवेचन पटले असेल, तर त्या एका वाक्याच्या पोटात निदान चार निराळी दुखणी आहेत आणि चारांचे उपाय निराळे आहेत, हे वाचकांच्या ध्यानी येईल. तोंड वाकडे झाले, एका अंगाचा हात-पाय गेला, तर तो मेंदूचा मामला. गुठळी विरघळविण्याच्या औषधाला पहिले साडेचार तासच असतात. जुलाब होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी दोन्ही पाय जड वाटू लागले, तर ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावू’ म्हणून घरी बसू नये. जमिनीवर झोपलेल्याच्या पापण्या सकाळी उघडेनात, तर ती झोप नव्हे. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे, आपले नव्हे. पण रुग्णाला डॉक्टरांच्या हातोडीपर्यंत वेळेवर पोहोचविणे हे घरातल्या, वर्गातल्या, गल्लीतल्या माणसाचेच काम असते. आणि त्यासाठी विज्ञान शाखेत नाव घालावे लागत नाही.